पूर्ण पाथमधून फाइलचं नाव काढताना: पाथ कुठून आला ते आधी बघा

`/कामं/२०२४/मार्च/अहवाल.पीडीएफ` असा पाथ हातात आहे आणि त्यातलं फक्त `अहवाल.पीडीएफ` हवं आहे. शेवटचा स्लॅश शोधायचा आणि त्याच्या पुढचं उचलायचं, एवढंच काम दिसतं, आणि बहुतेक वेळा ते तेवढंच असतं. उरलेल्या वेळी मात्र प्रोग्रॅम एरर देत नाही, मुकाट्याने चुकीचं नाव देतो. ते नाव डेटाबेसमध्ये किंवा बॅकअपमध्ये जाऊन बसतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी फाइल शोधायला गेल्यावर घोळ उघडकीला येतो.

फंक्शनांची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, एडिटरमध्ये ती रोमनमध्येच लिहायची. ड्राइव्हच्या `सी:` चंही तसंच, तिथे एकच रोमन अक्षर असतं.

पाथ कुठल्या मशीनवर तयार झाला?

जवळजवळ प्रत्येक भाषेत या कामासाठी तयार फंक्शन असतं. ते वापरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं करा: हा पाथ कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तयार झाला? कोड कुठे चालतो आहे हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेक चुका या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे होतात.

लिनक्स आणि मॅकवर विभाजक, म्हणजे पाथमधले फोल्डर वेगळे करणारं चिन्ह, एकच, `/`. हा स्लॅश आणि शून्य बाइट सोडला तर लिनक्सवर नावात काहीही चालतं: स्पेस, कोलन, नवी ओळ, अगदी `\` सुद्धा. विंडोजवर `\` आणि `/` हे दोन्ही विभाजक आहेत, शिवाय सुरुवातीला ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन येतो. डॉसमध्ये फोल्डर आले ते १९८३ च्या २.० आवृत्तीत. तोपर्यंत `/` हे चिन्ह कमांडच्या पर्यायांसाठी वापरात गेलेलं होतं, म्हणून पाथसाठी `\` घ्यावं लागलं. ती दोन चिन्हांची भानगड आजही आपल्या कोडमध्ये आहे.

आता नेहमी घडणारी चूक बघा. लिनक्स सर्व्हरवर पायथॉनच्या ओएस.पाथ.बेसनेम फंक्शनला `सी:\हिशेब\मार्च\बिल.पीडीएफ` दिलं, तर उत्तर म्हणून तीच अख्खी स्ट्रिंग परत मिळते. कारण लिनक्सच्या नियमाने त्यात एकही विभाजक नाही, ते सगळं एकाच फाइलचं नाव आहे. फंक्शनने काहीच चूक केलेली नाही, प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला. डेव्हलपरच्या विंडोज लॅपटॉपवर हाच कोड बिनचूक चालतो, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काही सापडत नाही. विंडोजवरून आलेली सीएसव्ही, अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट, क्लायंटकडचे लॉग असा माल सर्व्हरवर प्रोसेस होत असेल, तर ही शंका सगळ्यात आधी घ्या.

पायथॉनमध्ये उपाय सोपा आहे. पाथलिब मॉड्यूल ३.४ आवृत्तीपासून सोबतच येतं. त्यात प्युअरविंडोजपाथ आणि प्युअरपॉझिक्सपाथ असे दोन क्लास आहेत. ‘प्युअर’ म्हणजे ते डिस्कला हात लावत नाहीत, फक्त स्ट्रिंगवर नियम चालवतात, म्हणून लिनक्सवर बसून विंडोजचा पाथ खुशाल सोडवता येतो. पाथ प्युअरविंडोजपाथला द्या आणि त्याचं नेम हे अ‍ॅट्रिब्यूट वाचा. जुन्या पद्धतीचा कोड असेल तर एनटीपाथ मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं बेसनेम वापरा. ते कुठल्याही सिस्टिमवर इम्पोर्ट होतं. नोडमध्ये याच धर्तीवर पाथ.विन३२.बेसनेम आणि पाथ.पॉझिक्स.बेसनेम आहेत. नुसतं पाथ.बेसनेम हे ज्या मशीनवर चालतं तिथला नियम लावतं.

एकाच कॉलममध्ये दोन्हीकडचे पाथ मिसळलेले असतील तर काय? विंडोजचा नियम दोन्ही स्लॅश मानतो, म्हणून तो सरसकट लावला तरी बहुतेक डेटा नीट सुटतो. लिनक्सवरच्या ज्या नावांत खरोखर `\` आहे, ती मात्र तुटतील. अशी नावं दुर्मीळ असतात, पण नसतात असं नाही. टेबल तुमच्या ताब्यात असेल तर पाथ साठवतानाच तो कुठल्या सिस्टिमचा आहे हे शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेवा. नंतर अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

कोडमध्ये पाथ लिहितानाच होणारी मोडतोड

काही वेळा नाव काढणारं फंक्शन ठीक असतं, पण त्याच्यापर्यंत पाथच धड पोचलेला नसतो. साध्या अवतरणांतल्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशपुढे छोटं एन आलं की नवी ओळ होते, टी आलं की टॅब. पायथॉनमध्ये विंडोजच्या यूझर्स फोल्डरचा पाथ तसाच लिहिला तर बॅकस्लॅश आणि कॅपिटल यू ही जोडी युनिकोड एस्केप (अक्षराचा सांकेतिक क्रमांक देण्याची खूण) समजली जाते आणि प्रोग्रॅम सिंटॅक्स एरर देऊन थांबतो. तिथे निदान कळतं तरी. एन आणि टीच्या बाबतीत काहीच कळत नाही, पाथ गुपचूप बिघडतो.

यावर पायथॉनमध्ये अवतरणाआधी आर लावून रॉ स्ट्रिंग करा. फक्त रॉ स्ट्रिंगच्या अगदी शेवटी एकटा `\` चालत नाही हे ध्यानात ठेवा. इतर भाषांत `\\` असा दुहेरी लिहा, किंवा सरळ `/` वापरा, विंडोजचे बहुतेक एपीआय तो घेतात. जेसनमध्ये `\` नेहमी दुहेरीच लागतो. फाइलमधून किंवा यूझरकडून वाचलेल्या स्ट्रिंगला मात्र यातलं काहीही करायचं नाही. तिथे एस्केपचा संबंध येत नाही, आणि उगाच `\` दुप्पट केले तर नवीनच घोळ होतो.

शेवटी स्लॅश असेल तर

`/कामं/मार्च/` यातलं नाव कोणतं? इथे टूल्समध्ये सरळ दोन तट आहेत. पायथॉनचं ओएस.पाथ.बेसनेम, सी शार्पचं पाथ.गेटफाइलनेम आणि सी प्लस प्लस १७ मधलं फाइलनेम ही रिकामी स्ट्रिंग देतात. युनिक्सची बेसनेम कमांड, पाथलिब, नोड, गो, जावा, रस्ट आणि पीएचपी `मार्च` देतात. म्हणजे पायथॉनच्या आतच जुनं मॉड्यूल आणि नवं मॉड्यूल यांची उत्तरं वेगळी आहेत. जुना कोड पाथलिबवर आणताना हीच ओळ आधी तपासा, कारण ‘नाव रिकामं आलं म्हणजे फोल्डर’ अशा समजावर लिहिलेली अट नव्या कोडमध्ये अशा पाथला कधीच खरी होणार नाही.

कोणतं बरोबर? फाइलचंच नाव हवं असेल तर रिकामं उत्तर जास्त प्रामाणिक आहे, कारण त्या पाथमध्ये फाइल नाहीच. फोल्डरचं नाव हवं असेल तर दुसरं. तुमच्या कामाला काय हवं ते ठरवा आणि टेस्टमध्ये लिहून टाका.

असेच फरक कडेच्या पाथांना दिसतात. नुसत्या `/` ला बेसनेम कमांड आणि गो `/` देतात, पायथॉन रिकामं देतं आणि जावाचं गेटफाइलनेम नल देतं, ज्यावर पुढची मेथड चालवली की नलपॉइंटरएक्सेप्शन आलंच. रिकाम्या स्ट्रिंगला गो `.` देतं. पाथ `..` ने, म्हणजे एक पायरी वरच्या फोल्डरच्या खुणेने, संपत असेल तर रस्टचं फाइल_नेम नन देतं, पायथॉन मात्र `..` हेच नाव म्हणून परत करतं. हे शेवटचं लक्षात असू द्या, अपलोडच्या भागात ते कामाला येणार आहे.

एक्स्टेन्शन वेगळं करताना

क्रम महत्त्वाचा: आधी नाव काढा, मग त्या नावात शेवटचा टिंब शोधा. अख्ख्या पाथमध्ये टिंब शोधला तर `/प्रकल्प/आवृत्ती१.२/वाचा` या पाथचं एक्स्टेन्शन `२/वाचा` निघतं. फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा असणं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे ही चूक लवकरच भेटते.

टिंबाने सुरू होणारी नावं, म्हणजे युनिक्सवरच्या लपवलेल्या फाइल, हा दुसरा खड्डा. `.सेटिंग` या नावाला पायथॉनचं स्प्लिटएक्स्ट आणि नोडचं एक्स्टनेम ‘एक्स्टेन्शन नाही’ असं उत्तर देतात. सी शार्पचं गेटएक्स्टेन्शन अख्खं `.सेटिंग` हेच एक्स्टेन्शन मानतं आणि गेटफाइलनेमविदाउटएक्स्टेन्शन रिकामं येतं.

दुहेरी एक्स्टेन्शन, उदाहरणार्थ `नोंदी.टार.जीझेड`, यासाठी सगळीकडे चालेल असा नियम नाही. पाथलिबमध्ये स्टेम `नोंदी.टार` देतं आणि सफिक्स `.जीझेड`. सफिक्सेस ही यादी दोन्ही देते, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका: `अहवाल-१.२.पीडीएफ` साठी ती `.२` आणि `.पीडीएफ` असं सांगते. आपल्याला चालणाऱ्या दुहेरी एक्स्टेन्शनांची छोटी यादी करा, नाव त्यांपैकी एकाने संपतं का ते बघा, आणि संपत असेल तर तेवढंच कापा.

कापताना पायथॉनचं आरस्ट्रिप वापरू नका. ते शेवटचा शब्द काढत नाही, दिलेल्या अक्षरांपैकी जे जे शेवटी सापडेल ते काढत सुटतं. `पाकीट.टीएक्सटी` या स्ट्रिंगवर आरस्ट्रिपला `.टीएक्सटी` दिलं तर उत्तर `पा` येतं. ट, वेलांटी आणि क ही तिन्ही त्या संचात आहेत, त्यामुळे `कीट` एक्स्टेन्शनबरोबर वाहून जातं आणि काना संचात नसल्यामुळे तिथे थांबतं. ३.९ पासून यासाठी रिमूव्हसफिक्स आहे, तेच वापरा.

शेलमध्ये

बॅशमध्ये दोन रस्ते आहेत: बेसनेम कमांड, किंवा व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात `##*/` हा पर्याय. दुसरा रस्ता नवी प्रोसेस सुरू करत नाही. हजारो फाइलींच्या लूपमध्ये प्रत्येक वेळी बेसनेम बोलावली की वेळ प्रोसेस सुरू करण्यातच जातो, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. `##*/` म्हणजे सुरुवातीपासून शेवटच्या स्लॅशपर्यंत सगळं काढा. फोल्डर हवा असेल तर `%/*`, शेवटचं एक्स्टेन्शन काढायचं असेल तर `%.*`. शेवटी स्लॅश असेल तर `##*/` रिकामं देतं, म्हणून गरज असेल तिथे आधी `%/` ने तो उडवा.

बेसनेम वापरत असाल तर व्हेरिएबल दुहेरी अवतरणांतच द्या. हे नुसतं शिस्तीसाठी सांगितलेलं नाही. `/कामं/मासिक अहवाल.पीडीएफ` हा पाथ अवतरणांशिवाय दिला तर शेल त्याचे दोन तुकडे करतं. बेसनेमचं दुसरं आर्ग्युमेंट म्हणजे काढून टाकायचा शेवट, त्यामुळे ती `अहवाल.पीडीएफ` हा शेवट समजते, तो सापडत नाही म्हणून सोडून देते, आणि उत्तर `मासिक` येतं. एरर नाही, एक्झिट कोडही शून्य. नावात दोन वेगळ्या ठिकाणी स्पेस असत्या तर निदान जास्तीच्या आर्ग्युमेंटची तक्रार तरी आली असती. पाथ डॅशने सुरू होण्याची शक्यता असेल तर आधी `--` द्या, नाहीतर बेसनेम त्याला पर्याय समजेल.

फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नुसती नावं हवी असतील तर जीएनयूच्या फाइंडला प्रिंटएफ पर्याय आहे. त्यात टक्क्याचं चिन्ह आणि एफ लिहिलं की फक्त नाव छापलं जातं. ते आउटपुट पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायचं असेल तर ओळीऐवजी शून्य बाइटने वेगळं करा, कारण नावात नवी ओळ असू शकते, शून्य बाइट कधीच नसतो.

पॉवरशेलमध्ये स्प्लिट-पाथला लीफ हा पर्याय द्या. फाइल प्रत्यक्ष डिस्कवर असेल तर गेट-आयटेमने ती घेऊन नेम किंवा बेसनेम वाचा. इथल्या बेसनेममध्ये एक्स्टेन्शन नसतं, युनिक्सच्या बेसनेममध्ये असतं. नाव एकच आणि अर्थ दोन, म्हणून स्क्रिप्ट एकीकडून दुसरीकडे नेताना घात होतो.

इतर भाषांत, थोडक्यात

जावात पाथ ऑब्जेक्टचं गेटफाइलनेम पाथच परत देतं, स्ट्रिंग नाही. टूस्ट्रिंग न करता स्ट्रिंगशी इक्वल्सने तुलना केली तर उत्तर कायम खोटं येईल. लिनक्सवर विंडोजचे पाथ सोडवायचे असतील तर अपाचे कॉमन्स आयओमधलं फाइलनेमयूटिल्स.गेटनेम दोन्ही स्लॅश मानतं. गोमध्ये डिस्कवरच्या पाथसाठी फाइलपाथ पॅकेज घ्या. नुसतं पाथ पॅकेज फक्त `/` ओळखतं आणि ते यूआरएलसारख्या गोष्टींसाठी आहे. डॉटनेट लिनक्सवर चालत असेल तर तिथेही `\` विभाजक राहत नाही, हे विंडोजवर वाढलेल्या कोडला फार जड जातं.

सीमध्ये बेसनेम नावाची दोन फंक्शनं आहेत. लिबजेन हेडरमधलं पॉझिक्सचं फंक्शन दिलेली स्ट्रिंगच बदलू शकतं. त्याला स्ट्रिंग लिटरल देऊ नका, आधी प्रत करा. जीएनयूचं दुसरं फंक्शन स्ट्रिंगला हात लावत नाही, पण शेवटी स्लॅश असेल तर रिकामं देतं. हाताने लिहायचं असेल तर स्ट्रआरचरने शेवटचा `/` शोधा, आणि तो सापडला नाही तर नल येतो याची अट विसरू नका. यूटीएफ-८ मध्ये असं बाइटनुसार शोधणं सुरक्षित आहे, कारण मराठी अक्षराच्या तीनपैकी कुठलाही बाइट `/` किंवा `\` शी जुळत नाही. शिफ्ट-जिस या जुन्या जपानी एन्कोडिंगमध्ये काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका `\` चाच असतो, त्यामुळे तिथे बाइटनुसार शोधलं की अक्षराचे दोन तुकडे होतात.

पॅटर्नने मजकूर शोधणारं रेजेक्सच वापरायचं असेल तर `[^/\\]+$` हा पॅटर्न पुरतो: दोन्ही स्लॅश सोडून जे काही शेवटी आहे ते. विभाजक सांगा, नावात काय चालतं ते सांगू नका. पायथॉनच्या रेजेक्समधला बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’, काना-मात्रा आणि वेलांटीला अक्षर मानत नाही. `अहवाल` या शब्दात तो `अहव` पर्यंत जातो आणि कान्यापाशी अडतो. इंग्रजी नावांवर तपासलेला पॅटर्न मराठी नावांवर आपटतो तो इथेच.

नावं मराठीत असतील तर

गिटमध्ये बदललेल्या फाइलींची यादी काढून तिच्यातून नावं घेणाऱ्या स्क्रिप्ट पुष्कळ असतात. गिट मूळ सेटिंगमध्ये मराठी नाव अवतरणांत घालून बाइटच्या अष्टमान आकड्यांत छापतं. `अ` चं होतं `\३४०\२४४\२०५`, अर्थात इंग्रजी आकड्यांत. त्यावर विंडोजचा नियम लावला तर प्रत्येक बाइट हा वेगळा फोल्डर ठरतो. गिटला झेड पर्याय द्या म्हणजे नावं जशीच्या तशी, शून्य बाइटने वेगळी होऊन येतील. नुसतं डोळ्यांनी वाचायचं असेल तर कोअर.कोटपाथ हे सेटिंग बंद केलं तरी पुरे.

पीएचपीचं बेसनेम लोकेलवर, म्हणजे सिस्टिमच्या भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगवर, अवलंबून असतं. जुन्या आवृत्त्यांत ‘सी’ नावाचं लोकेल असताना मराठीने सुरू होणाऱ्या नावाची सुरुवातीची अक्षरं गळून पडायची. अशा सर्व्हरवर सेटलोकेलने यूटीएफ-८ चं लोकेल लावा.

नाव बरोबर निघालं तरी तुलना चुकू शकते, आणि याचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे `दऱ्या`. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात, बाइट वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. ते फक्त र आणि नुक्ता अशी जोडी आली तर तिचा ऱ करतं. म्हणून फाइल शोधण्यासाठी तुलना करताना आधी एनएफसी करा आणि मग र, हलन्त, जॉइनर ही त्रयी ऱ आणि हलन्त यांत बदला. तुलनेसाठीची ही प्रत वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. डिस्कवरचं मूळ नाव बदलू नका, नाहीतर फाइल उघडणारच नाही. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं अक्षरं सुटी करून साठवायची, तिथून आलेल्या बॅकअपमध्ये र आणि नुक्ता वेगवेगळे सापडतात ते यामुळेच.

लांबीचंही बघा. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. `महाराष्ट्र` या शब्दात १० चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. चार बाइटचं रोमन एक्स्टेन्शन धरलं तर मराठी नावाला ८३ चिन्हं उरतात. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे, तिथे तेच नाव आरामात मावतं. विंडोजवरून लिनक्सवर कॉपी करताना लांब मराठी शीर्षकांच्या फाइल अडतात त्या या फरकामुळे.

अपलोड झालेल्या फाइलचं नाव

ब्राउझरमध्ये फाइल निवडण्याच्या इनपुटची व्हॅल्यू वाचली तर `सी:\` पुढे फेकपाथ नावाचा फोल्डर दिसतो, लिनक्सवर आणि मॅकवरसुद्धा. तो फोल्डर कुठेच नसतो. खरा पाथ वेबसाइटला कळू नये म्हणून एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच तो ठरवून दिला आहे. तो कापत बसू नका, फाइल्स यादीतल्या पहिल्या वस्तूचं नेम घ्या.

सर्व्हरवर आलेल्या नावावर मात्र कधीच भरवसा ठेवू नका. इथे दोन्ही स्लॅशवर कापा, कारण पाठवणारा कुठून पाठवतो हे आपल्याला माहीत नसतं. कापल्यावर जे उरेल ते रिकामं, `.` किंवा `..` असेल, किंवा त्यात शून्य बाइट असेल, तर नाकारा. फाइल पुढे विंडोजवर जाणार असेल तर कॉन, पीआरएन, ऑक्स, नल आणि कॉम१ ते कॉम९, एलपीटी१ ते एलपीटी९ ही राखीव नावं आणि नावातला कोलनही नाकारा. सगळ्यात बरं म्हणजे डिस्कवर फाइल आपण तयार केलेल्या नावाने ठेवा आणि यूझरने दिलेलं नाव फक्त दाखवण्यापुरतं डेटाबेसमध्ये.

पायथॉनच्या फ्लास्क या वेब फ्रेमवर्कसोबत येणारं सिक्युअर_फाइलनेम हे फंक्शन मराठी साइटवर तसंच वापरू नका. ते रोमनखेरीज सगळी अक्षरं गाळतं. मराठी नाव आणि रोमन एक्स्टेन्शन असलेल्या फाइलचं नुसतं टिंबाशिवायचं एक्स्टेन्शन उरतं, आणि मग सगळ्यांच्या फाइली एकाच नावाने एकमेकींवर लिहिल्या जातात.

एक्सेल आणि एसक्यूएल

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये टेक्स्टआफ्टर हे फंक्शन आहे: पहिलं आर्ग्युमेंट सेल, दुसरं `"\"`, तिसरं `-१`. उणे एक म्हणजे शेवटून पहिला. स्लॅशच नसेल तर एरर येते, म्हणून बाहेरून इफएररमध्ये गुंडाळा आणि तिथे मूळ सेलच द्या. जुन्या एक्सेलमध्ये प्रत्येक `\` च्या जागी २५५ स्पेस भरायच्या, उजवीकडची २५५ अक्षरं घ्यायची आणि ट्रिम करायचं, ही युक्ती चालते. फक्त नावात सलग दोन स्पेस असतील तर ट्रिम त्यांची एक करतं आणि ते नाव डिस्कवरच्या नावाशी जुळत नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्ट्रिंग उलटी करून चारइंडेक्सने पहिला `\` शोधतात, त्यातून एक वजा करतात आणि राइटने तेवढी अक्षरं घेतात. ज्या ओळीत `\` नाही तिथे शून्यातून एक गेल्यावर उणे एक उरतो आणि अख्खी क्वेरी एरर देऊन थांबते. शोधण्याआधी उलट्या स्ट्रिंगच्या शेवटी एक `\` जोडा, मग स्लॅश नसलेल्या ओळीतही पूर्ण नाव मिळतं. कॉलम एनव्हारचार आहे ना हेही बघा. साध्या व्हारचारमध्ये मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत आणता येत नाहीत.

टेस्टमध्ये घालायचे पाथ

फंक्शन कुठल्याही भाषेत लिहा, इतके पाथ तरी त्याच्यावर चालवा:

- `अहवाल.पीडीएफ`: विभाजकच नाही. उत्तर तेच नाव.
- `/कामं/मार्च/`: रिकामं की `मार्च`, तुम्ही ठरवलं असेल ते.
- `/` आणि रिकामी स्ट्रिंग: प्रोग्रॅम कोसळायला नको.
- `/प्रकल्प/आवृत्ती१.२/वाचा`: नाव `वाचा`, एक्स्टेन्शन नाही.
- `/घर/.सेटिंग`: नाव `.सेटिंग`, एक्स्टेन्शन नाही.
- `सी:\कामं/मार्च\बिल.पीडीएफ`: विंडोजच्या नियमाने `बिल.पीडीएफ`.
- `सी:बिल.पीडीएफ`: विंडोजच्या नियमाने `बिल.पीडीएफ`. नुसत्या स्लॅशवर कापणारा कोड इथे ड्राइव्हसकट नाव देतो.
- `\\सर्व्हर\हिशेब`: हे नेटवर्कवरच्या शेअरचं मूळ आहे. पाथलिबच्या विंडोज नियमाने नाव रिकामं, हाताने कापलं तर `हिशेब`.
- `अपलोड/..`: अपलोडच्या कोडने नाकारलंच पाहिजे.
- `/कामं/मासिक  अहवाल.पीडीएफ`: मध्ये दोन स्पेस, दोन्ही टिकायला हव्यात.
- `/फोटो/दऱ्या.जेपीजी`: र दोन्ही तऱ्हांनी लिहून. नावं दोन निघतील, पण तुलनेच्या कॉलममध्ये एकच दिसायला हवं.